आई अशी पळत नव्हती

पायथनमध्ये ओपनसीव्ही शिकायला घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच एक कोडं पडतं. व्हिडिओ उघडायचा, एकेक फ्रेम वाचायची, खिडकीत दाखवायची, एवढा आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम असतो. तो चालतोही. फक्त व्हिडिओ भलत्याच वेगाने धावतो. तोच व्हिडिओ मोबाइलवर नीट दिसतो, इथे मात्र माणसं मुंग्यांसारखी पळतात. मग कुणीतरी सांगतं, "वेटकीतला आकडा वाढव." आकडा वाढवला की माणसं जरा शहाण्यासारखी चालू लागतात, आणि विषय तिथेच संपतो. या सदराच्या तरुण वाचकांकडून हा प्रश्न दोन-तीनदा आला आहे. देवासच्या आमच्या आत्याच्या घरी तो जरा वेगळ्या कारणाने उभा राहिला, म्हणून या वेळी त्यावरच लिहितो.

आधी मूळ गोष्ट. आपण रोज वापरतो तो व्हिडिओ प्लेअर आणि ओपनसीव्ही ही दोन वेगळ्या कामांची माणसं आहेत. प्लेअरला फाइलमधल्या प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ मिळते, आणि ती वेळ होईपर्यंत तो फ्रेम हातात धरून बसतो. त्याचं कामच मुळी वेळ पाळण्याचं. ओपनसीव्हीचं तसं नाही. १९९९ साली इंटेलमध्ये गॅरी ब्रॅडस्की यांनी ती सुरू केली, ती संगणकाला चित्रातलं काही ओळखता यावं म्हणून. चेहरा कुठे आहे, गाडीची नंबरप्लेट कुठली, कापडाच्या विणीत दोष कुठे आहे, हे शोधायचं तर फ्रेम जितक्या लवकर हातात पडेल तितकी बरी. त्यामुळे 'रीड' म्हटलं की ती पुढची फ्रेम ताबडतोब देते. आता द्यायची की थोडं थांबायचं, हा विचार तिच्या डोक्यात येतच नाही. खिडकीत चित्र दाखवणारी 'आयएमशो' ही आज्ञाही खरं तर आपण काय करतोय ते डोळ्यांनी तपासता यावं म्हणून दिलेली सोय आहे. ती सिनेमा बघायला केलेली नाही.

मग वेग ठरवतं कोण? 'वेटकी'. नावाप्रमाणे ती कळ दाबली जाण्याची वाट बघते, आणि कंसात लिहिलेले तितके मिलिसेकंद थांबते. खिडकीत चित्र रंगवण्याचं कामही त्याच वेळात उरकतं, म्हणून वेटकी गाळली तर खिडकी करडी, रिकामी राहते. कंसात शून्य लिहिलं तर ती कळ दाबेपर्यंत थांबून राहते. नवीन मुलं इथे हमखास "काका, व्हिडिओ अडकला" असं कळवतात. (ते शून्य लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.)

आता बहुतेक नमुना प्रोग्रॅममध्ये वेटकीच्या कंसात २५ लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या टीव्हीचा वेगही सेकंदाला २५ फ्रेम, त्यामुळे अनेकांना वाटतं की हे तेच २५. ते तसं नाही. इथले २५ म्हणजे २५ मिलिसेकंद. सेकंदाचे १००० मिलिसेकंद, त्याला २५ने भागलं की ४०. म्हणजे तुम्ही सेकंदाला ४० फ्रेम दाखवायला सांगताय. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ नीट चालवायचा तर प्रत्येक फ्रेमला १००० भागिले २५, म्हणजे ४० मिलिसेकंद मिळायला हवेत. दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी बसून एवढा घोटाळा करतात की हा योगायोग कुणीतरी मुद्दाम जुळवून आणलाय असं वाटावं.

पण ४० लिहूनही काम पुरतं होत नाही. फ्रेम वाचायला वेळ लागतो, ती लहान-मोठी करायला लागतो, तिच्यात चेहरा शोधायचा असेल तर आणखी लागतो. समजा या सगळ्यात १५ मिलिसेकंद गेले आणि त्यावर वेटकी ४० थांबली, तर एकूण ५५ झाले आणि व्हिडिओ रेंगाळला. म्हणून उरलेला वेळच थांबायचं, ४० वजा १५, म्हणजे २५. आणि हा वेळ दर फ्रेमला वेगळा असतो, तेव्हा तो घड्याळ लावून मोजायचा.

त्यातही एक बारकावा आहे. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ३३.३३ मिलिसेकंद येतात. वेटकीला पूर्णांकच चालतो, तर आपण ३३ लिहितो. एक तृतीयांश मिलिसेकंदाने काय होतंय असं वाटेल. दहा मिनिटांच्या व्हिडिओत १८,००० फ्रेम असतात, आणि १८,००० गुणिले एक तृतीयांश म्हणजे सहा सेकंद. मागच्या फ्रेमपासून मोजत गेलं की अशी चूक साठत जाते. त्यापेक्षा सुरुवातीची वेळ एकदाच टिपून ठेवावी आणि प्रत्येक फ्रेमला विचारावं, "तू सुरुवातीपासून किती वाजता यायला हवी होतीस?" ती वेळ यायला जेवढा अवधी असेल तेवढंच थांबायचं. उशीर झालाच असेल तर अजिबात न थांबता पुढे जायचं (वेटकीत १ लिहायचा, शून्य नाही). रेल्वेच्या वेळापत्रकासारखं हे आहे. गाडी देवासला अमुक वाजता पोचायची ती पोचायची, मागच्या स्टेशनावर किती थांबली हा हिशेब वेगळा.

एवढं कळलं की हवा तो वेग हातात येतो. निम्म्या वेगाने हवं तर अवधी दुप्पट करा. दुप्पट वेगाने हवं तर अवधी निम्मा करा. पण चौपट-आठपट करायला गेलात तर एक वेळ अशी येते की थांबणं शून्यावर येतं आणि तरी संगणक पुरा पडत नाही. तेव्हा मधल्या फ्रेम सोडून द्याव्या लागतात. त्यासाठी 'ग्रॅब' आहे. फ्रेम पुढे सरकवायची, पण चित्र तयार करून हातात घ्यायचं नाही. तीनदा ग्रॅब, चौथ्यांदा रीड, झाला चौपट वेग. थेट फ्रेमचा क्रमांक देऊन उडी मारण्याचीही सोय आहे, पण ती दर वेळी वापरू नये. दाबून लहान केलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि पुढच्या फ्रेम म्हणजे फक्त 'मागच्यापेक्षा एवढं बदललं' अशा नोंदी. मधल्याच फ्रेमवर उडी मारायची तर मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून सगळं पुन्हा जुळवत यावं लागतं. त्यात वेळ जातो आणि काही फाइलींत एक-दोन फ्रेमांचा फरकही पडतो.

आता आत्याच्या घरची गोष्ट.

आमचं मूळ घर धारचं. १९६४ साली तिथे मोठ्या काकांचं लग्न झालं, तेव्हा काकांच्या एका मित्राने आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने थोडं शूटिंग केलं होतं. एकच रीळ, ५० फुटांचं. प्रोजेक्टर कुणाकडेच उरला नाही, रीळ मात्र डब्यात राहिलं. काही वर्षांपूर्वी घरातल्या कुणीतरी ते एका स्टुडिओत देऊन त्याची डीव्हीडी करून घेतली, आणि त्या डीव्हीडीवरून फाइल सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. तिच्यात आमची आजी आहे. माजघराच्या दारातून हळदीकुंकवाचं तबक घेऊन बाहेर येते, चौक ओलांडते, झोपाळ्याजवळून पुढे जाते. मी आजीला पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. तिचे दोन-चार फोटो आहेत, पण ती हलताना, चालताना दिसते ती एवढीच. आणि ती तुरुतुरु पळताना दिसते. मुलं दर वेळी हसतात. एकाने त्यावर गमतीचं संगीत लावून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा आणखी हसली.

आत्या हसली नाही. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मी देवासला गेलो होतो तेव्हा म्हणाली, "आई अशी पळत नव्हती रे. तिचा गुडघा धरायचा. सावकाश चालायची, हाताला काही असलं तर अजूनच सावकाश. ही काय चाललंय तुमचं, आई म्हणजे काय चार्ली चॅप्लिन आहे?"

आत्याचा नातू इंदूरला इंजिनिअरिंग शिकतो. तो त्या दिवशी घरीच होता आणि ओपनसीव्ही त्याला येत होती. म्हणाला, "आजी, थांब, मी हळू करून देतो." त्याने फाइल उघडली, वेटकीत आकडा घातला. आत्या बघत होती. "अजून जरा हळू." त्याने आकडा वाढवला. "आता फार झालं, आता झोपेत चालल्यासारखी वाटते." असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी आत्याच म्हणाली, "मला आता काही कळेनासं झालंय. बघून बघून आईची खरी चालच विसरेन मी."

तिचं म्हणणं रास्त होतं. जवळजवळ साठ वर्षांपूर्वीची चाल, तिच्याशी पडद्यावरचं चित्र ताडून बघायचं, आणि दर वेळी पडद्यावरचं चित्र आठवणीवर थोडं चढत जायचं. हे मोजमाप नव्हे. वेग असा मतं घेऊन ठरवायचा नसतो, चित्रातच कुठेतरी घड्याळ शोधायचं असतं.

आधी रिळाचा हिशेब केला. साध्या आठ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात ८० फ्रेम मावतात, म्हणजे ५० फुटांत ४,०००. आमच्या फाइलमध्ये ३,९१२ निघाल्या. दोन लागोपाठच्या फ्रेम एकमेकींतून वजा करून पाहिल्या ('ॲबसडिफ' हे काम चोख करते), तेव्हा सारखी जोडी एकही सापडली नाही. म्हणजे स्टुडिओने रिळावरची एक फ्रेम उचलून व्हिडिओची एक फ्रेम केली होती आणि फाइलवर वेग लिहिला होता सेकंदाला २५. फ्रेम सगळ्या शाबूत, फक्त त्यावरचा वेगाचा आकडा परका. ही आनंदाची बातमी होती. काही ठिकाणी वेग जुळवण्यासाठी मध्येमध्ये फ्रेम दोनदा घालतात किंवा दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात. मिसळलेल्या पुन्हा सुट्या करणं जवळजवळ अशक्य असतं.

त्या काळच्या साध्या आठ मिलिमीटर कॅमेऱ्याचा नेहमीचा वेग सेकंदाला १६. (१९६५ साली आलेल्या सुपर आठचा १८.) पण ते कॅमेरे किल्लीचे असत. किल्ली उतरत आली की वेग मंदावे, आणि काहींवर वेग बदलण्याचं चाकही असे. तेव्हा '१६ असावा' एवढंच म्हणता येत होतं.

आमचं घड्याळ म्हणजे चौकातला झोपाळा. आजी येण्याआधी त्यावर एक मुलगा बसून झोके घेतो. पाय वर घेतलेले, कुणी ढकलत नाही. शाळेत दोलक शिकलात ना? झोक्याला लागणारा वेळ फक्त लांबीवर ठरतो, वर कोण बसलंय, किती वजनाचं, याने फरक पडत नाही. त्यात आपला झोपाळा चार कोपऱ्यांना चार कड्यांनी टांगलेला, त्यामुळे पुढे-मागे जाताना पाट तिरका होत नाही, सपाटच राहतो. म्हणून हिशेबाला कडीची लांबी तेवढी धरली की पुरे. बागेतल्या दोन साखळ्यांच्या झोक्याला हे इतकं सरळ लागू पडत नाही. आणि धारचं घर मोडलं तेव्हा त्या झोपाळ्याच्या पितळी कड्या आत्याने देवासला आणल्या होत्या! माळ्यावरून काढल्या, टेप लावली. आकड्यापासून पाटापर्यंत २.२५ मीटर.

२.२५ला ९.८ने भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ने गुणा. पुढे जाऊन परत मागे यायला ३ सेकंद आणि वर किंचित.

आता फ्रेम मोजायच्या. इथे वेटकीतलं ते शून्य कामी आलं. प्रत्येक फ्रेमवर तिचा क्रमांक छापला आणि शून्य लिहिलं, म्हणजे कळ दाबली की एकच फ्रेम पुढे. पुतण्या कळ दाबत गेला, मी कागदावर लिहीत गेलो. पाट मागच्या टोकाला पोचला की क्रमांक टिपायचा. टोकाशी पाट क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे फ्रेमभराची चूक होते, म्हणून एक झोका न मोजता चार पूर्ण झोके मोजले. १९३ फ्रेम झाल्या. एका झोक्याला सव्वाअठ्ठेचाळीस. तीन सेकंदांनी भागले, उत्तर १६.

पुतण्या म्हणाला, "काका, हे आधीच १६ धरून चाललो असतो तर?" चालले असते, पण तो अंदाज असता. आता आत्याला सांगता येत होतं की झोपाळ्याने सांगितलं.

नवी फाइल करणं सगळ्यात सोपं. जुनीतून एकेक फ्रेम वाचायची आणि 'व्हिडिओरायटर'ला द्यायची, वेगाच्या जागी १६ लिहायचं. फ्रेमला हात लावायचा नाही. (एक खबरदारी: रायटरला सांगितलेली लांबी-रुंदी आणि प्रत्यक्ष फ्रेमची लांबी-रुंदी जुळली नाही तर तो तक्रार न करता रिकामी फाइल हातात ठेवतो.) जुनी फाइल २ मिनिटं ३६ सेकंदांची होती, नवी ४ मिनिटं ४ सेकंदांची झाली. चौक ओलांडायला आजी बारा पावलं टाकते, १२० फ्रेममध्ये. आधी ती पावणेपाच सेकंदांत पार व्हायची, मिनिटाला दीडशे पावलांच्या गतीने. आता साडेसात सेकंद लागतात, मिनिटाला ९६. गुडघा धरलेल्या, हातात भरलं तबक असलेल्या बाईची चाल.

आत्याने दोनदा पाहिलं. मग म्हणाली, "हं. आता तबक सांभाळून चाललीय." आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. त्या वेळी मलाच एक गोष्ट दिसली. झोपाळ्याजवळून जाताना आजी थांबते, एका हाताने कडी धरून झोपाळा थांबवते, मुलाला काहीतरी बोलते आणि पुढे जाते. पळत्या फाइलमध्ये तो नुसता एक हिसका वाटायचा. "तो तुझा बाबा," आत्या म्हणाली. "पडशील म्हणाली असेल."

पुतण्याला पुढे आणखी एक हौस आली होती. सेकंदाला १६ फ्रेम म्हणजे हालचाल किंचित अडखळत दिसते, तर मधल्या फ्रेम संगणकाकडून तयार करून घ्याव्यात आणि ६० कराव्यात. दोन फ्रेममध्ये कुठला ठिपका कुठे सरकला हे ओपनसीव्ही शोधू शकते, त्यावरून मधलं चित्र रचता येतं, आणि आता तर त्यासाठी तयार एआयही मिळतं. मी नको म्हटलं. क्रिकेटच्या सामन्याला करा, सहलीच्या व्हिडिओला करा. पण ज्या चार मिनिटांत आजीचं चालणं तेवढं उरलंय, त्यातल्या चारांपैकी तीन फ्रेम संगणकाने कल्पनेने काढलेल्या असाव्यात हे मला पटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकेल. निदान मूळ फाइल वेगळी ठेवा.

आत्याने चॅप्लिनचं नाव घेतलं ते अगदी नेमकं होतं, कारण त्याची माणसं पळतात त्यामागेही बरंचसं हेच कारण आहे. मूकपटांच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. एका फेऱ्यात साधारण आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६. पुढे बोलपट आले. आवाजाला वेग पक्का लागतो, म्हणून सेकंदाला २४ हा आकडा ठरला. जुने मूकपट मग २४च्या प्रोजेक्टरवर चालवले गेले आणि सगळे दीडपट वेगाने पळू लागले. अर्थात हसवण्यासाठी मुद्दाम दांडा सावकाश फिरवणारेही होते, तेव्हा प्रत्येक मूकपटाला १६ लावून मोकळं होता येत नाही.

आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' घ्या. ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लागला. त्याची लांबी ३,७०० फूट अशी नोंदलेली आहे आणि अनेक ठिकाणी तो 'सुमारे ४० मिनिटांचा' असं वाचायला मिळतं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ फ्रेम मावतात, म्हणजे एकूण ५९,२०० फ्रेम. २४ने भागा, ४१ मिनिटं येतात. १६ने भागा, तासाच्या थोडं वर. म्हणजे ४० मिनिटं हा आकडा २४च्या वेगाशी जुळतो, आणि १९१३च्या प्रेक्षकाने तो चित्रपट याहून बराच वेळ पाहिला असण्याचा संभव आहे. पुस्तकात मूकपटाची लांबी मिनिटांत दिली असेल तर 'कुठल्या वेगाने?' हा प्रश्न विचारावा. फुटांत दिली असेल तर ती खरी लांबी.

त्याआधीच्या वर्षी फाळक्यांनी उलट टोकाचा प्रयोग केला होता. लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणल्यावर भांडवल द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभर त्यांचं थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटाभरात बी फुटून वेल झाला. 'अंकुराची वाढ' ती हीच. काही जण लिहितात की ते रोज एकच फ्रेम घेत. आपल्याला आता हिशेब येतो, तर करून बघू. तीस दिवसांच्या तीस फ्रेम, १६च्या वेगाने दोन सेकंदांतच संपतील. मिनिट भरायला ९६० हव्यात, म्हणजे रोज तीसेक. त्या काळी कोरी फिल्म परदेशातून यायची, तिच्या कडांना भोकं पाडण्याचं काम अंधारात, घरीच करावं लागे आणि ते सरस्वतीबाई फाळके करत. कुंडीसमोर बसून दिवसाला तीस वेळा तेवढाच दांडा फिरवणाऱ्या नवऱ्याबद्दल त्यांना काय वाटत असेल कोण जाणे. हाच प्रयोग तुम्ही आज घरी करू शकता. खिडकीत कुंडी, समोर वेबकॅम, अर्ध्या तासाला एक फ्रेम साठवायची आणि शेवटी व्हिडिओरायटरमध्ये २५ लिहायचं. महिनाभराच्या १,४४० फ्रेमचा व्हिडिओ ५८ सेकंदांचा होईल. मेथी लावलीत तर आठवड्यातच फळ मिळेल. दिवा मात्र रात्रंदिवस एकच ठेवा, नाहीतर वेल कमी आणि लुकलुकणंच जास्त दिसेल.

आतापर्यंत सगळं मुकं होतं म्हणून निभावलं. वर सांगितलेल्या रस्त्याने ओपनसीव्ही व्हिडिओतली चित्रंच वाचते आणि व्हिडिओरायटरही फक्त चित्रंच लिहितो. गाण्याच्या कार्यक्रमाची फाइल यातून काढलीत तर मुकी फाइल मिळेल. आवाज एफएफएमपेगसारख्या साधनाने वेगळा जोडावा लागतो आणि तिथे वेगाची चूक कानाला झोंबते. २४ने घेतलेलं २५ने वाजवलं तर डोळ्याला काही कळणार नाही. पण वेग चार टक्के वाढला की सूरही तेवढाच चढतो, सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या दोन तृतीयांशाहून जास्त. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनकडे जातं. १९४८पासून १९९२पर्यंत कुमार गंधर्व ज्या गावात राहिले, तिथे तरी अशी फाइल कुणी कुणाला पाठवू नये! आवाज चढू न देता लांबी बदलण्याची सोय एफएफएमपेगमध्ये आहे, ती वापरा, आणि जुन्या ध्वनिफितीवरून काही करत असाल तर तंबोऱ्याचा सूर पेटीशी लावून पाहा. तिथे झोपाळ्याचं काम तंबोरा करतो.

मोबाइलच्या व्हिडिओबद्दल एक सांगायचं राहिलं. बहुतेक मोबाइल उजेड कमी झाला की फ्रेमही कमी घेतात, त्यामुळे एकाच फाइलमध्ये वेग कमी-जास्त होत राहतो. ओपनसीव्हीला फाइलचा वेग विचारला तर ती एकच आकडा सांगते, तो सरासरी असतो. मुंजीच्या मांडवातलं जेवण आणि रात्रीची वरात एकाच फाइलमध्ये असेल तर हा आकडा दोन्हीकडे चुकेल. अशा वेळी प्रत्येक फ्रेमला तिची स्वतःची वेळ विचारा (मिलिसेकंदांत सांगणारा गुणधर्म आहे) आणि वेळापत्रक त्यावरून लावा. आणि वेबकॅम थेट चालू असेल तर वेटकीत मोठा आकडा घालून काहीच हळू होत नाही. कॅमेरा फ्रेम घेतच राहतो, त्यातल्या काही रांगेत साठतात, आणि तुम्ही हात हलवल्यावर पडद्यावरचा हात थोड्या वेळाने हलतो.

धार, देवास, इंदूरकडे बऱ्याच घरांत अजून अशी रिळं पडून आहेत हे मला आलेल्या पत्रांवरून दिसतं. स्टुडिओत देताना एवढंच सांगा: रिळावरची एक फ्रेम म्हणजे व्हिडिओची एक फ्रेम, मिसळामिसळ नको, वेग आम्ही बघू. रीळ परत आणा, फेकू नका. भोकं लहान आणि फ्रेम जरा मोठी असेल तर ते सुपर आठ, १८पासून सुरुवात करा. नाहीतर १६. आणि मग चित्रात झोपाळा, घड्याळाचा लंबक, विहिरीत पडणारी बादली असं काही सापडतं का ते बघा. सापडलं आणि हिशेब जमला नाही तर मला लांबी आणि फ्रेमचा आकडा कळवा.